घरगाडीवरची छत्री

१

एकनाथरावांनी अडतीस वर्षं हैदराबादच्या बस डेपोत गाड्या दुरुस्त केल्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाड्या तिरुपतीला गेल्या, विजयवाड्याला गेल्या, पार बंगळुरूपर्यंत जाऊन आल्या. एकनाथराव मात्र मलकपेठेतून डेपोत आणि डेपोतून मलकपेठेत एवढाच प्रवास करत राहिले. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेऊन तिची घरगाडी करायला काढली, तेव्हा गल्लीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पद्मावतीबाई जायला तयार झाल्याचं.

सहा महिने खपून त्यांनी गाडीत दोन बाक बसवले, शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली, पद्मावतीबाईंच्या जुन्या इरकलीचे पडदे केले. गाडी घराच्या अंगणात इतकी घट्ट बसली होती की फाटकापर्यंत जायचं तर पोट आत ओढून जावं लागे. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं. सोलापूर, कोल्हापूर आणि तिथून खाली समुद्र. पद्मावतीबाईंनी साठ वर्षांत समुद्र पाहिलेला नव्हता.

"समुद्र बगायचाय मला, खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या. "पण माझी मालिका चुकता कामा नये. एक दिवस जरी चुकली तर असू तिथं उतरीन आन् बसनं परत येईन. मग तुमचा समुद्र तुम्ही बगा."

ही मालिका गेली अकरा वर्षं रोज दुपारी दीडला लागत होती. तिच्यातली सून आता सासू झाली होती. पुण्याहून मुलानं, संदेशनं, फोन करून सांगितलं की आई, मोबाईलवर बघ. पण मोबाईलवर माणसं मुंगीएवढी दिसतात आणि कुणाच्या डोळ्यात पाणी आलंय तेच कळत नाही, असं पद्मावतीबाईंचं म्हणणं पडलं. तेव्हा गाडीच्या टपावर डिशची छत्री बसवण्याला पर्याय उरला नाही.

छत्री बसवायला बबलू आला. बबलू पन्नाशीचा, दोन सुनांचा सासरा, पण मलकपेठेत त्याला अजून बबलूच म्हणत. त्यानं टपावर लोखंडी स्टँड ठोकला, छत्रीचं तोंड दक्षिणेला थोडं पूर्वेकडे कलतं आणि चांगलं वर आभाळाकडे केलं, आत टीव्हीवर चित्र आणलं आणि स्टँडवर पांढऱ्या रंगानं खूण केली.

"अंकल, येक बात याद रखो," तो म्हणाला. "उपग्रह अपनी जगा से नै हिलता. गाडी हिलती. गाडी हिली के सिग्नल गया. जहां रुके वहां छत्री फिरसे लगाना पडता. प्रॅक्टिस करो."

हे काम एकट्याचं नव्हे. एक जण टपावर, एक जण खाली टीव्हीपुढे. वरच्याला टीव्ही दिसत नाही, खालच्याला छत्री दिसत नाही, आणि दोघांच्या मध्ये पत्रा. वरच्यानं छत्री केसभर हलवायची आणि विचारायचं, आलं का. खालच्यानं सांगायचं, आलं किंवा गेलं. बाकी सगळा विश्वासाचा मामला.

एकनाथराव सराव म्हणून खुणेकडे पाठ करून छत्री फिरवायला लागले.

"आलं का?"

"आलं, आलं, आलं… गेलं. अहो, कुठं चाललाव? होतं की तिथंच."

"उजवीकडं घेऊ का डावीकडं?"

"जयवंताच्या घराकडं घ्या. नक्को, तिकडं नक्को. इकडं."

"इकडं म्हणजे कुठं?"

"मी हात करून दाखवायले की."

दीड तासानं, शेजारची जयवंता गच्चीवर येऊन बघून गेल्यावर, पद्मावतीबाईंचा आवाज आला, "आलं. आता हात लावाल तर बगा." सरळ नुसतं 'आलं' असं ही बाई जन्मात म्हणाली नव्हती. प्रत्येक 'आलं'ला तिच्याकडे एक शेपूट असे, आणि ते शेपूट नेमकं एकनाथरावांना लागे.

२

गुरुवारी पद्मावतीबाई मसाला आणि स्टीलचे डबे आणायला बेगम बाजारात गेल्या. त्या तिथं गेल्या की दिवस मावळेपर्यंत काही परत येत नाहीत, हा अनुभव होता. पण एकनाथराव टपावर चढून छत्रीचे नट सैल करत होते, तेवढ्यात गाडी डाव्या अंगाला किंचित दबली.

अडतीस वर्षं गाड्यांखाली काढलेल्या माणसाला चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांची भाषा कळते. डाव्या दारातून कुणी आत चढलं, दोन पावलं चाललं आणि बाकावर बसलं, हे त्यांना बसल्या जागी समजलं. आज लवकर आली म्हणायची, असं मनाशी म्हणत त्यांनी छत्री हलवली.

"आलं का?"

"नाही," आतून पद्मावतीबाईंचा आवाज आला. "दोन बोटं डावीकडे."

त्यांनी दोन बोटं डावीकडे घेतली.

"एक बोट खाली."

घेतली.

"आलं."

पाच मिनिटांत काम झालं. एकनाथरावांनी नट आवळला आणि थोडा वेळ ते वाट बघत राहिले. पुढचं काहीच आलं नाही. बाजारात दमली असेल, असं त्यांना वाटलं. शिडीवरून उतरून ते दारात आले, तर टीव्हीवर चित्र काचेसारखं स्वच्छ होतं आणि गाडीत कुणीही नव्हतं.

त्यांनी बाकाखाली पाहिलं. साठ वर्षांची जाडजूड बायको बाकाखाली मावणार नाही हे माहीत असूनही पाहिलं. मग फाटकाशी रिक्षा थांबली, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पद्मावतीबाई पोट आत ओढत अंगणात आल्या.

"असं काय बगायलाव माझ्याकडं? डबे धरा की."

एकनाथरावांनी डबे धरले. रात्री जेवताना त्यांनी हिशोब लावला. टीव्ही चालू होता. टीव्हीवर बायकाच बोलत असतात. मालिकेत कुणी ना कुणी येतंच आणि कुणी ना कुणी जातंच. आपण ते आपल्यालाच म्हटलंय असं समजलो. हा हिशोब जमला, फक्त 'दोन बोटं डावीकडे' तेवढं कुठं बसेना. ते त्यांनी भाताबरोबर गिळलं.

३

शुक्रवारी दुपारी दीडला पद्मावतीबाई घरात, बैठकीत, पाय पसरून मालिका बघत होत्या. टपावरून त्यांचे पाय दिसत होते. एकनाथरावांनी मुद्दाम तीच वेळ गाठली होती. त्यांना एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

गाडी डाव्या अंगाला दबली. पाय बैठकीतच होते.

 उतरून घरात जावं आणि सगळं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलंही. पण सांगितलं तर काय होईल हे त्यांना पक्कं माहीत होतं. पद्मावतीबाई लिंबू-मिरची आणतील, गाडी विकायला काढतील, आणि समुद्र तिकडं आणि आपण इकडं, मरेपर्यंत मलकपेठेत. शिवाय पत्र्याच्या पोकळ डब्यात घरातला आवाज घुमू शकतो. डेपोत असे प्रकार कितीतरी वेळा झाले होते. एकदाही झाला नव्हता, पण झाला असता.

"आलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन बोटं मागे. अजून. थोडं खाली." आणि मग, "आलं. चांगलं जमलं."

एकनाथराव टपावरच बसून राहिले. सहा महिने ते या गाडीवर राबत होते. बाक पाहून पद्मावतीबाई म्हणाल्या होत्या, हे काय न्हाव्याचं दुकान हाय का. टाकी पाहून म्हणाल्या होत्या, गळणार. टाकी गळली, हा भाग वेगळा. पण 'चांगलं जमलं' असं कुणी म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना घाबरायचं होतं, पण त्याआधी बरं वाटून गेलं.

शनिवारी सकाळी ते पुन्हा चढले. त्या आवाजाबरोबर काम करणं किती सोपं होतं. इकडं नाही, तिकडं नाही, बोटांचा हिशोब. न ओरडणं, न टोमणा. एकच गोष्ट त्यांना खटकत होती. दर वेळी छत्री आणखी थोडी खाली झुकत होती, आणि पांढऱ्या खुणेपासून लांब जात होती. उपग्रह जागा सोडत नाही, असं बबलू म्हणाला होता. मग हे चित्र कुठून येत होतं, हा विचार ते करत, आणि लगेच सोडून देत.

४

शनिवारी दुपारी न राहवून त्यांनी बबलूला बोलावलं. पद्मावतीबाई स्वयंपाकघरात प्रवासासाठी चटणी कुटत होत्या. खलबत्त्याचा ठोका अंगणभर ऐकू येत होता.

बबलूनं खालूनच वर पाहिलं आणि तो हसायला लागला.

"अंकल, ये क्या कर के रखे? उधर कुछ बी नै. उधर तो आपका किचन है."

"पण चित्र येतंय की रे. आत जाऊन बघ."

बबलूनं चपला काढल्या, दारातून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर घेतलं. आवाज खाली आणून म्हणाला, "आंटी सो रैं अंदर. बाद में आता मैं."

स्वयंपाकघरात खलबत्ता वाजत होता. तिथूनच पद्मावतीबाई ओरडल्या, "बबलू आला का? चहा घेऊन जा म्हणाव."

बबलूनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. मग एकनाथरावांकडे पाहिलं, जणू हे कधीपासून चाललंय असं विचारावं.  त्यानं चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि अंग चोरून फाटकाबाहेर गेला. हत्यारांची पिशवी अंगणातच राहिली. हैदराबादेतला कारागीर चहा सोडून जातो म्हणजे प्रकरण साधं नव्हे, हे एकनाथरावांनाही कळलं.

ते आत गेले. कुणी नव्हतं. बाकावरच्या उशीला मधोमध खळगा पडला होता. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि चूक झाकणाऱ्या पोरासारखा तो हातानं थापटून सारखा केला. उशी गरम होती.

"काय म्हणाला बबलू?" चहाचा कप घेऊन आलेल्या पद्मावतीबाईंनी विचारलं.

"सगळं ठीक हाय म्हणाला," एकनाथराव म्हणाले.

एकच दिवस राहिला होता. एकदा गाडी फाटकाबाहेर पडली, हवा बदलली की हे आपोआप जाईल, असं त्यांनी ठरवून टाकलं. दुखणं लपवून लग्नाला उभं राहण्यातला प्रकार होता हा, पण लोक राहतातच की.

५

रविवारी दुपारी सव्वाची वेळ. पद्मावतीबाई खिडकीशी उभ्या राहून प्रवासासाठी धपाटे भाजत होत्या. आज मालिका गाडीतच बघायची, जमलं तर उद्या निघायचं, असं त्यांनी सकाळी जाहीर केलं होतं. घोडामैदान जवळ आलं होतं. एकनाथराव टपावर चढले, छत्रीचे नट त्यांनी सैल केले आणि छत्री पांढऱ्या खुणेवर नेऊन मोकळं व्हावं असं एकदा त्यांच्या मनात आलंही. तेवढ्यात गाडी दबली.

"खाली घ्या," आतून आवाज आला.

त्यांनी खाली घेतली.

"अजून."

छत्री आता आभाळाकडे बघतच नव्हती. ती समोर, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून उभी होती. खिडकीत पद्मावतीबाई उलथनं घेऊन थांबल्या.

"अहो, ती छत्री माझ्याकडं कशाला फिरवायलाव? मी काय उपग्रह हाय का?"

एकनाथरावांना हसू आलं. हसता हसता त्यांचा हात छत्रीच्या कडेवर होता.

"एक बोट उजवीकडे," आतला आवाज म्हणाला. "बस. आलं."

त्यांनी नट आवळला आणि वर पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. तव्यावरचं धपाटं काळं पडत होतं आणि त्याचा धूर खिडकीतून बाहेर येत होता. पद्मावतीबाईंनी आयुष्यात एक धपाटं करपू दिलेलं नव्हतं.

ते शिडीवरून कसे उतरले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. घरात जाऊन त्यांनी गॅस बंद केला. "पद्मा" अशी हाक मारली. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. बैठकीत, माजघरात, मोरीत, कुठं कुणी नव्हतं. परत अंगणात आले, तर गाडीच्या दारात पद्मावतीबाई उभ्या होत्या. तीच हिरवी साडी, तोच कुंकवाचा टिळा. हाताला पीठ नव्हतं.

"चला," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आत्ताच निघू या."

"आत्ता? आणि मालिका?"

"मालिकेचं काय एवढं."

एकनाथराव जागच्या जागी थिजले. तिच्या खांद्यावरून त्यांना आतला टीव्ही दिसत होता. टीव्हीवर त्यांचं स्वयंपाकघर होतं. गॅस बंद होता, तव्यावर काळं धपाटं होतं, आणि खिडकीशी उलथनं घेऊन पद्मावतीबाई उभ्या होत्या. त्या बाहेर बघत होत्या आणि तोंड हलवत होत्या. आवाज येत नव्हता. पण चित्र फार स्वच्छ होतं. एकनाथरावांना ओठ वाचता आले, चाळीस वर्षांचा सराव होता. त्या म्हणत होत्या, गेलं. अहो, गेलं. कुठं चाललाव, गेलं की.

त्यांनी मान वळवून खऱ्या खिडकीकडे पाहिलं. ती रिकामी होती.

"आता हलवू नका," दारातली बाई म्हणाली. "किती छान जमलंय तुमचं."

६

एकनाथराव शिडीकडे वळले. मन एकदम स्वच्छ झालं होतं. त्यांना समुद्र नको होता. घरगाडी नको होती. 'चांगलं जमलं' नको होतं. त्यांना आपली बायको हवी होती, टोमण्यांसकट.

टपावर चढून त्यांनी नट सैल केला. पांढरी खूण अजून होती. दोन्ही हातांनी धरून त्यांनी छत्री खिडकीवरून काढली, वर उचलली, फिरवत फिरवत बबलूच्या खुणेवर नेली आणि रेषेला रेष लावली. रेष जुळायला चार खेपा लागल्या. मग नट आवळला आणि त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीवर ऊन आलं होतं. काचेत फक्त आभाळ दिसत होतं.

शेजारच्या गच्चीवर जयवंता नव्हती. जवळच्या रेसकोर्सच्या बाजूनं कसलासा गलका आला आणि विरला. खाली गाडीत कुणी चालल्यासारखा पत्रा वाजला, दोन पावलं, आणि पाटे दबले. वरच्याला टीव्ही दिसत नाही. बाकी सगळा विश्वासाचा मामला.

एकनाथराव टपाच्या कडेशी वाकले.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

 खालून पद्मावतीबाईंचा आवाज आला.

"आलं."

एकनाथराव छत्रीची कड धरून बसून राहिले. आता पुढचं येईल, असं त्यांना वाटलं. हात लावाल तर बगा. किंवा, एवढा वेळ लागतो का. किंवा, धपाटं करपवलं माझं, जळ्ळी ती छत्री. कुठलंही चाललं असतं. त्यांनी देवाला हात जोडून एक टोमणा मागितला.

"आलं म्हणतेस," ते चाचरत म्हणाले. "मालिका लागली का मग? दीड वाजून गेला की."

पाटे हळूच दबले, जणू कुणी बाकावर सरकून त्यांच्यासाठी जागा करत होतं.

"तुम्ही उतरा तर खरं," खालून आवाज आला, पिकलेल्या सीताफळासारखा मऊ. "तुम्ही म्हणाल ते लावू."